एकच पगार, सहा देणी: घर चालवता चालवता कर्ज कसं फेडायचं

कर्जफेडीचे बरेचसे सल्ले घरात दुसरं कुणीतरी कमावतंय असं धरून दिलेले असतात. एकाचा पगार हप्त्यांना, दुसऱ्याचा घरखर्चाला. पण कमावणारा, बाजार करणारा, बिलं भरणारा आणि रात्री हिशेब लावणारा माणूस जिथं एकच असतो, तिथं हे सल्ले तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच कोलमडतात. मुलाला ताप येतो, दोन दिवस बिनपगारी रजा पडते, आणि जादा हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे दवाखान्यात जातात.

म्हणून इथं क्रम थोडा वेगळा लावला आहे. सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा, हा नियम चूक नाही. पण एकट्याच्या घरात त्याच्या आधी दोन प्रश्न येतात. कुठला हप्ता चुकला तर घर थांबेल? आणि पुढचा अचानक येणारा खर्च कशातून भागवायचा? याची उत्तरं नसतील तर व्याजदराचं गणित कितीही अचूक केलं तरी ते कागदावरच राहतं.

नुसतं बोलून हे कळत नाही, म्हणून एक काल्पनिक घर घेऊ. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात काम करणारी बाई, हातात येणारा पगार ३४,००० रुपये, घरात आई आणि आठवीतला मुलगा, राहणं भाड्याच्या खोल्यांत. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील.

सगळी देणी एका पानावर

शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधली अ‍ॅपं वाईट नाहीत, पण वही उघडली की सगळं एकदम समोर दिसतं, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहा: आज किती बाकी आहे, व्याज किती, हप्ता किती, कोणत्या तारखेला, आणि हप्ता चुकला तर काय होईल. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

आपल्या उदाहरणातलं पान असं दिसेल:

क्रेडिट कार्ड: बाकी ६२,०००, व्याज महिन्याला ३.५ टक्के.
वैयक्तिक कर्ज: बाकी १,८०,०००, दर वर्षाला १६ टक्के, हप्ता ६,३३०, अजून ३६ महिने.
सोनेतारण: ७०,०००, दर ११ टक्के, मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं, वर्षाची मुदत ८ महिन्यांनी संपते.
मोबाइलचा हप्ता: १,६५०, अजून ५ महिने.
किराणा दुकानाची उधारी: ९,०००.
भावाकडून घेतलेले: ४०,०००, व्याज नाही, तारीखही नाही.

एकूण ३,६९,२५०. हा आकडा लिहिताना हात जड होतो. तरी लिहाच.

आठवणीवर विसंबू नका. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, मागवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, त्यांच्या वेबसाइटवरून तो घरबसल्या मिळतो. ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ म्हणत कधीतरी घेतलेली छोटी उधारी किंवा कुणाला जामीन राहिलेलं कर्ज त्यात सापडतं. जामिनाचं कर्जही पानावर घ्या, वेगळ्या शाईनं. कर्जदारानं हात वर केले तर ते तुमचंच आहे.

व्याजदर लिहिताना एक फसगत टाळा. पतपेढी, दुचाकीचा शोरूम किंवा फायनान्सवाला ‘१२ टक्के फ्लॅट’ सांगतो तेव्हा व्याज संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लावलेलं असतं, तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता तरीही. एक लाख तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटनं घेतले तर हप्ता सुमारे ३,७७८ येतो. घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा उरलेल्या मुद्दलावर, मोजलं तर हाच दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जासोबत सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं. ते मागून घ्या आणि त्यातला दर वहीत उतरवा.

महिना खरोखर कितीचा पडतो

आता खर्च. भाडं ८,०००, किराणा आणि दूध ७,५००, वीज आणि गॅस २,०००, शाळा आणि क्लास ३,०००, येणंजाणं १,५००, रिचार्ज आणि टीव्ही ७००, आईची औषधं १,२००. बेरीज २३,९००. वर हप्ते: वैयक्तिक कर्ज ६,३३०, मोबाइल १,६५०, कार्डाची किमान रक्कम ३,१००. एकूण ३४,९८०.

पगार ३४,०००. म्हणजे दर महिन्याला ९८० रुपये कमी पडतात, आणि ते गुपचूप कार्डावर जातात.

इथं थांबून कार्डाकडे नीट बघू, कारण बहुतेक घरांची गळती इथंच असते. ६२,००० वर ३.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अजून ३९१. झाले २,५६१. किमान देय रक्कम ५ टक्के धरली तर तुम्ही भरता ३,१००. मुद्दलात जमा होतात जेमतेम ५३९ रुपये, आणि त्याच महिन्यात ९८० ची नवी खरेदी चढते. बाई दर महिन्याला ३,१०० भरतेय आणि देणं चारशे-साडेचारशेनं वाढतंय! वर, बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डावर घेतलेल्या तेलाच्या डब्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

हेही खरं चित्र नाही. वर्षातून एकदा येणारे खर्च अजून धरलेच नाहीत. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट. मग गौरी-गणपती, दिवाळी, भाच्याच्या लग्नाचा आहेर, विम्याचा हप्ता. हे खर्च अचानक आले असं आपण म्हणतो, पण जून दरवर्षी जूनमध्येच येतो. गेल्या वर्षीचे आठवून लिहा आणि बाराने भागा. आपल्या घरात १८,००० धरू, महिन्याला १,५००. म्हणजे खरा खड्डा २,४८० चा. कार्डावरचे बासष्ट हजार कुठून आले याचं उत्तर त्या अठरा हजारांत आहे, उधळपट्टीत नाही.

खड्डा बुजवणं

जादा हप्त्याचा विचार इतक्यात करू नका. आधी महिना शून्यावर आणायचा.

काटकसर कुठं लागू पडते आणि कुठं नाही, हे घराघरावर आहे. तरी काही जागा हमखास असतात. रोजच्या औषधांसाठी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून तीच औषधं जेनेरिक घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्यांत फरक मोठा पडतो, १,२०० चे ७०० होणं सहज शक्य आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर एकदम चढतो आणि ३०० च्या पुढे पुन्हा, म्हणून गेल्या बारा महिन्यांची युनिटं बघा. तुम्ही या सीमेच्या थोडे पुढे असाल तर गिझर आणि इस्त्रीवर ताबा ठेवून खाली येता येतं. वीज-गॅस मिळून ३०० वाचले असं धरू. किराणा महिन्याचा एकदम, यादी करून, रोख घेतला तर ८०० निघतात, त्यात दुकानदारावर अवलंबून काही नाही, सारखं जाणं बंद होतं एवढंच. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, गावी जाताना खासगी गाडीऐवजी ती धरा. येण्याजाण्यात ३००, रिचार्ज आणि टीव्हीत २५०. सगळं मिळून २,१५०.

मुलाचा क्लास बंद करणं, दूध निम्म्यावर आणणं, आईची तपासणी पुढे ढकलणं, यांना मी काटकसर म्हणत नाही. असली बचत दोन महिने चालते आणि मग दुप्पट खर्च घेऊन येते.

३३० अजून कमी पडतात, आणि उरायला तर काहीच नाही. एका पगारात कपात करून करून किती करणार? कुठंतरी थोडं उत्पन्न वाढवावंच लागतं. साड्यांना फॉल-पिको, शेजारच्या दोन मुलांची शिकवणी, रविवारी पुरणपोळीच्या ऑर्डरी, जे जमेल ते. महिन्याला २,००० धरू. मात्र मशीन, ओव्हन, साहित्य असलं काही या कामासाठी हप्त्यावर घेऊ नका. आहे त्यात होत असेल तेच करायचं.

आता २,१५० आणि २,००० मिळून ४,१५०. खड्डा २,४८०. हातात उरले १,६७०.

कार्डाचा ताप उतरवा

हे १,६७० लगेच कुठं भरू नका. आधी कार्डाचं रूप बदलायचं.

बँकेला फोन करून सगळी बाकी हप्त्यांमध्ये बदलून मागा. दर बँकेगणिक वेगळा असतो, इथं १८ टक्के आणि मुदत २४ महिने धरू. हप्ता येतो ३,०९५. म्हणजे आज जी किमान रक्कम भरताय तेवढाच! या व्याजावरही १८ टक्के जीएसटी लागतो, पहिल्या महिन्यात साधारण १७० रुपये, पुढे कमी होत जातो. प्रक्रिया शुल्क किती ते आधी विचारा. दोन वर्षांत एकूण सुमारे ७६,५०० जातील आणि कार्ड मोकळं होईल. हप्ते न करता, एक रुपयाचीही नवी खरेदी न करता, दरमहा ३,१०० भरत राहिलात तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस महिने लागतात आणि सुमारे १,३४,००० जातात.

कारखान्यात कामगारांची पतसंस्था असेल तर तिथला दर याहून कमी असू शकतो, चौकशी करा. बँकेत किंवा पोस्टात ठेव असेल तर अजून सोपं. बँका ठेवीवर तिच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने कर्ज देतात. सात टक्क्यांची ठेव कुरवाळत बसून कार्डाला बेचाळीस टक्के देणं परवडणारं नाही.

एकच अट. हप्ते झाले त्याच दिवशी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन आणि दुकानातले व्यवहार बंद करा. ते बटण प्रत्येक कार्डाला असतं. खरेदीच्या अ‍ॅपांत साठवलेला कार्ड नंबरही काढा. मोकळी झालेली मर्यादा पुन्हा भरली तर घरात कार्डाची दोन कर्जं होतील.

‘सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं कर्ज घ्या’ असा फोन येतो तेव्हा हप्ता कमी झालेला दाखवतात, मुदत किती वाढली ते सांगत नाहीत. हप्त्याला महिन्यांनी गुणा, प्रक्रिया शुल्क आणि त्यात घुसवलेला विमा मिळवा, मग ठरवा.

जादा पैसा आधी कुणाला

जीएसटी जाऊन दरमहा १,५०० हाताशी राहिले. आता शेवटच्या रकान्याकडे परत या: चुकलं तर काय होईल?

पहिले सहा महिने हे पैसे कुठल्याच कर्जाला जात नाहीत. ते वेगळ्या बचत खात्यात पडून राहतात, ९,००० होईपर्यंत. व्याजाच्या हिशेबात हे मूर्खपणाचं दिसेल. पण याच नऊ हजारांमुळे सातव्या महिन्यात दात काढायचा झाला तरी कार्डाला हात लागत नाही. दोन पगारांच्या घरात दुसरा पगार हे काम करतो, तुमच्याकडे ही गंगाजळी करेल. त्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नका, यूपीआयला ते खातं जोडू नका.

मोबाइलचा हप्ता पाचव्या महिन्यात संपला. सहाव्यापासून १,६५० सुटे झाले. हा क्षण धोक्याचा. सुटलेला हप्ता घरखर्चात विरघळायला एक महिना पुरतो. म्हणून त्याला लगेच नवा धनी द्या: सोनेतारण. सहाव्या महिन्याचे १,६५०, सातव्या आणि आठव्या महिन्याचे प्रत्येकी ३,१५०, झाले ७,९५०. सत्तर हजारांवर वर्षाचं ११ टक्क्यांनी व्याज ७,७००. मुदतीच्या दिवशी व्याज भरून तारण नवं करून घेता येतं, लिलावाची वेळ येत नाही. मुदतीच्या पंधरा दिवस आधीच शाखेत जा. दागिन्यांच्या लिलावाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि घर बदललेलं असतं, असं सर्रास घडतं, म्हणून पत्ता आणि फोन नंबर बरोबर आहे का तेही बघून या.

नवव्यापासून अकराव्या महिन्यापर्यंत किराणावाला. त्याला व्याज नाही, तरी तो इतका आधी का? कारण कधी दोन दिवस पगार उशिरा झाला तर घरात तांदूळ त्याच्या शब्दावर येतो. त्याला आजच जाऊन सांगा: जुनी बाकी अमुक महिन्यापासून तीन हप्त्यांत देते, तोवर नवा माल रोखीनंच नेते. बहुतेक दुकानदारांना पैशापेक्षा तारीख हवी असते.

बाराव्या महिन्यापासून ३,१५० परत सोन्याकडे, मुद्दलात. इथं कुणी हिशेबी वाचक विचारेल, वैयक्तिक कर्ज १६ टक्क्यांचं आणि सोनं ११ चं, मग आधी सोनं का? शंका रास्त आहे. या क्रमानं वर्षाला हजार-दोन हजार रुपये जास्त जातात. पण वैयक्तिक कर्ज ठरल्या हप्त्यानं आपोआप फिटत चाललंय, स्थिर दराच्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याचं शुल्क लागू शकतं, आणि सोनं मात्र मुदत चुकली की जातं. शिवाय सुटलेले दागिने म्हणजे पुढच्या मोठ्या अडचणीत वर्षाला दहा-बारा टक्क्यांनी पैसे मिळण्याची सोय. एकट्या माणसाला ती सोय दोन हजारांना महाग नाही. तुमच्या घरात तारण नसेल तर मात्र व्याजदराचाच क्रम धरा.

चोविसाव्या महिन्यात कार्डाचे हप्ते संपतात, ३,१०० सुटतात, दरमहा ६,२५० हाताशी येतात. एकतिसाव्या महिन्याच्या सुमारास सोनं घरी. मग भावाचे. त्याचे पैसे शेवटी ठेवले असले तरी पहिल्याच आठवड्यात त्याला वहीचं पान दाखवून ‘तुझे अमुक साली’ असं सांगायला हवं. नात्यात पैसे उशिरा दिल्यानं बिघडतं त्याहून जास्त त्याबद्दल न बोलल्यानं बिघडतं. छत्तिसाव्या महिन्यात वैयक्तिक कर्जाचा शेवटचा हप्ता जातो आणि पुढच्या महिन्यात भावाची उरलेली रक्कम.

सदतीस महिने, मध्ये काही बिघडलं नाही तर. बिघडणारच. म्हणून या हिशेबात दिवाळीचा बोनस आणि पगारवाढ मुद्दाम धरलेली नाही. बोनस आला तर निम्मा गंगाजळीत, तीन-चार हजारांचा सण मनापासून, उरलेला त्या वेळी जे देणं चालू असेल त्यात.

पैशांची वाट ठरवून द्या

गंगाजळीचं खातं सोडून दोन खाती पुरतात. पगार येतो त्या खात्यातून भाडं आणि हप्ते. घरखर्चाचं दुसरं खातं, यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. त्यात महिन्याचे पैसे एकदम टाकू नका, दर शनिवारी आठवड्याचे टाका. गुरुवारी खातं रिकामं झालं तर दोन दिवसांची अडचण होते, महिन्याची नाही.

हप्त्यांच्या तारखा पगाराच्या नंतर तीन-चार दिवसांत आणून घ्या. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला असेल तर दर महिन्याला धाकधूक, आणि एकदा हप्ता परत गेला की तुमची बँक आणि कर्ज देणारी कंपनी दोघंही दंड लावतात. तारीख बदलून मिळते, अर्ज करावा लागतो.

विमा तोडून हप्ता भरू नका. कमावणारा एकच असेल तर उलट दोन स्वस्त योजना चालू आहेत ना ते बघा: प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाख, आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा, २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्हीचे पैसे मेअखेर खात्यातून कापले जातात, तेव्हा शिल्लक असू द्या. दवाखान्यासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. जवळच्या कुठल्या रुग्णालयात ती चालते ते आजारी पडण्याआधीच विचारून ठेवा, रेशनकार्डावर नावं बरोबर आहेत का तेही पाहा.

भिशी चालू असेल तर ती पूर्ण करा, नवी धरू नका. आणि या तीन वर्षांत कुणालाही जामीन राहू नका. ‘माझ्याच नावावर कर्ज चालू आहे, बँक घेणार नाही’ एवढं उत्तर पुरे.

आठवीतल्या मुलाला किती सांगायचं? माझ्या मते वहीतलं महिन्याच्या खर्चाचं पान दाखवावं, देण्यांचं नाही. विजेचं बिल कमी करण्याचं काम मुलं मोठ्यांपेक्षा नेटानं करतात.

हप्ता चुकणारच असेल तर

आधी फोन तुम्ही करा, तारखेच्या आधी. नोकरी गेली, ऑपरेशन झालं, तर कागदासह लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून किंवा हप्ता कमी करून मागा. मिळेलच असं नाही, पण तारीख उलटून गेल्यावर तुमचं म्हणणं दुबळं होतं.

‘इतके भरा, बाकीचं सोडतो’ अशी तडजोड वसुलीवाले सुचवतात. मान्य करण्यापूर्वी हे लक्षात ठेवा की क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं ‘क्लोज्ड’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसतं, आणि पुढची बँक ते वाचते. करायचीच असेल तर रक्कम, तारीख आणि बाकी माफ असल्याचं कंपनीच्या लेटरहेडवर आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि एजंटच्या खात्यात तर कधीच नाही.

वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू शकत नाहीत. शिवीगाळ, शेजाऱ्यांना किंवा कामावर सांगणं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांच्या विरुद्ध आहे. फोन नंबर, वेळ, काय बोलले ते वहीत लिहा आणि आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. चौकशीसाठी नंबर १४४४८. मोबाइलमधले फोटो आणि संपर्क उघडायला लावून धमकावणारं कर्जाचं अ‍ॅप असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, आणि एका अ‍ॅपचं फेडायला दुसरं अ‍ॅप घेऊ नका.

सावकाराचं देणं असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम तुमच्या बाजूनं आहे. सावकाराकडे परवाना हवा. बिगरशेतकऱ्याला ठरवून दिलेला दर तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के, शेतकऱ्याला ९ आणि १२. महिन्याला पाच किंवा दहा टक्के घेणारा माणूस बेकायदा धंदा करतोय. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. एकटी बाई असेल तर सोबत कुणाला तरी घेऊन जावं, तालुक्याला अशा कामात मदत करणाऱ्या संघटना असतात.

नवऱ्याच्या पश्चात किंवा घटस्फोटानंतर घर सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: त्यांचं कर्ज माझ्यावर का? तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर देणं तुमचं आहे. घटस्फोटाच्या कागदात ‘हप्ते तो भरेल’ लिहिलं असलं तरी बँकेला ते बांधील नाही. सही नसेल तर मृताचं वैयक्तिक देणं त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच वारसांकडून मागता येतं, तुमच्या पगारातून नाही. कर्जावर विमा काढलेला होता का हे मात्र आधी विचारा. हप्त्यात त्याचे पैसे कापले गेलेले असतात आणि घरच्यांना पत्ता नसतो.

कर्ज फिटल्यावरची कामं

शेवटचा हप्ता गेला म्हणजे खातं बंद झालं असं नाही. ना-देय प्रमाणपत्र लेखी घ्या. खात्यावरचं स्वयंचलित कपातीचं आदेशपत्र रद्द करायला सांगा, नाहीतर पुढच्याही महिन्यात पैसे कापले जाऊ शकतात. दिलेले कोरे चेक परत मागा. दागिने सोडवताना काउंटरवरच पावतीशी ताडून मोजा, वजन करून घ्या आणि मगच सही करा. कार्ड बंद करायचं असेल तर शिल्लक शून्य असल्याचा आणि कार्ड बंद झाल्याचा मेल जपून ठेवा.

महिना-दीड महिन्यानं क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का पाहा. दिसत नसेल तर रिपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे आणि कर्ज दिलेल्या कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.